सह्यांचा ध्वज

दुसऱ्या महायुद्धात जपानी तरुण लढाईवर निघाला की त्याच्यासोबत एक राष्ट्रध्वज जायचा आणि त्या ध्वजावर घरच्यांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या असायच्या. जपानीत त्याला योसेगाकी हिनोमारू म्हणतात. जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात तो ‘गुड लक फ्लॅग’ या नावानं विकला जातो. शिपाई सायपानला, ल्युझॉनला, ब्रह्मदेशात मेले आणि त्यांचे ध्वज जिंकणाऱ्यांच्या पिशव्यांतून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये पोचले. तिथल्या माळ्यांवरून ते आता खाली येताहेत. कापड अजून बरीच वर्षं टिकेल. त्याच्या अवतीभोवतीचं बरंच काही मात्र संपत आलं आहे. त्याची ही नोंद, सुचेल त्या क्रमानं.

लाल कागद. भरतीचं बोलावणं फिकट लाल कागदावर यायचं, म्हणून लोक त्याला ‘अकागामी’ म्हणत. गावच्या कचेरीतला माणूस ते हातोहात आणून द्यायचा. हजर व्हायला थोडेच दिवस मिळत आणि तेवढ्यात ध्वज घरोघर फिरवून भरून घ्यावा लागे.

कापड. सुमारे दोन हात लांब, दीड हात रुंद. चांगल्या दिवसांत रेशीम, नाहीतर सुती. युद्ध लांबलं तसं रेयॉन आणि त्याच जातीचं हलकं बनावटी कापड वाढत गेलं. आजच्या जपानी ध्वजाशी त्याचं माप जुळत नाही: जुनं प्रमाण सातास दहा होतं, १९९९ च्या कायद्यानं ते दोनास तीन झालं.

कोपरे. दोरी बांधायच्या बाजूला दोन्ही कोपऱ्यांवर कातड्याचे, नाहीतर कातड्यासारख्या दिसणाऱ्या कागदाचे छोटे तुकडे शिवलेले असतात. संग्राहक आधी हे कोपरे पाहतो, अक्षरांकडे मग वळतो.

वरची चार अक्षरं. बहुतेक ध्वजांच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘बुउन चोक्यू’ लिहिलेलं असतं. लढाईतलं नशीब दीर्घकाळ साथ देवो, अशी ती सदिच्छा. त्या काळी आडवी ओळ उजवीकडून डावीकडे लिहायची रीत होती, त्यामुळे आजच्या जपानी मुलाला ती उलटी वाटते. कुठे ‘निश्चित विजय’, कुठे ‘सात जन्म घेऊन देशाची सेवा’. घोषणा छापील वाटाव्यात इतक्या एकसारख्या. एक ध्वज दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा तर तो सह्यांवरूनच.

सह्या. मधल्या लाल गोळ्याभोवती नावं किरणांसारखी पसरत गेलेली असतात. गोळ्यावर सहसा कुणी लिहीत नसे. शाळेच्या शेवटच्या दिवशी पोरं एकमेकांच्या सदऱ्यांवर सह्या घेतात, तशीच ही दाटी. फक्त इथे मास्तरांची सहीही असे, कारखान्याच्या मालकाचीही आणि आत्याचीही. कुंचल्यानं पातळ रेशमावर लिहिणं सोपं नाही. शाई जास्त झाली की अक्षराला कडेनं मिशा फुटतात, कमी झाली की शेवटची रेघ कोरडी, दाताळलेली उमटते. असा ध्वज जवळून पाहिला की कुणाचा हात सरावलेला होता ते कळतं. एखादं नाव एका झपाट्यात आलेलं असतं: बहुधा गावचा शिक्षक, नाहीतर मठातला भिक्षू. त्याच्या बगलेत एखादं लहान, खाली झुकत गेलेलं नाव असतं, पोराचं किंवा कधी शाळेत न गेलेल्या म्हातारीचं. बायकांची नावं त्या काळात बरेचदा चिनी अक्षरांऐवजी साध्या काताकाना लिपीत असत. सहा-सात नावं एकाच हातची वाटली तर सगळं कुटुंब एकानं लिहून टाकलेलं समजावं. माणसं तिथेही घाईत होती.

या दाटीत एक नाव मोठं असतं, जाणाऱ्याचं. त्याचा पत्ता मात्र सहसा कुठेच नसतो. ध्वज गावातच लिहिला जात होता. पत्ता लिहायची गरज कुणाला पडणार?

वाघ. काही ध्वजांवर शाईनं काढलेला वाघ असतो. वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो, अशी समजूत. अशा ध्वजाला बाजारात भाव जास्त.

देवळांचे शिक्के. तांबडे, चौकोनी. निघण्याआधी तो कोणकोणत्या देवांच्या पाया पडून गेला ते यावरून कळतं.

हजार टाके. ध्वजाचं भावंड म्हणजे सेन्निनबारी, पोटाला बांधायचा पट्टा. त्यावर लाल दोऱ्याच्या हजार गाठी, प्रत्येक गाठ वेगळ्या बाईच्या हातची. आई किंवा बायको पट्टा घेऊन स्टेशनसमोर नाहीतर बाजाराच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना एकेक टाका मागायची. एका बाईनं एकच टाका घालायचा, हा नियम. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र वयाइतके टाके घालायची मुभा होती, त्यामुळे तशी एखादी साठीची बाई भेटली की काम झपाट्यानं पुढे सरके. पट्ट्यात पाच सेनचं नाणं शिवत, कारण चार सेनचा उच्चार मृत्यूच्या रेषेसारखा होतो आणि पाच त्याच्या पुढचा. पट्ट्यांसाठी पांढरा ॲप्रन घातलेल्या महिला मंडळांचे मेळावे भरत, वर्तमानपत्रांत फोटो येत. आघाडीवर त्या गाठींच्या बेचक्यांत उवा होत. हेही नोंदीत असावं.

ते टाके घालणाऱ्या तेव्हाच्या शाळकरी मुली आज नव्वदीच्या पुढे आहेत.

घडी. ध्वज सदऱ्याच्या आत, छातीशी, नाहीतर शिरस्त्राणात घडी करून ठेवत. घडीच्या रेषा रेशमात कायमच्या बसतात आणि कापड आधी तिथेच विरतं. घाम, चिखल, कधी रक्त. संग्राहकांच्या बाजारात रक्ताचा डाग किंवा गोळीचं भोक असलेला ध्वज महाग जातो. तोच डाग पाहून मयताची लेक काय करील, हा विचार भाव ठरवताना कुणी करत नाही. मला तरी या व्यवहारात याच जागी मळमळतं. बाकीचं समजून घेता येतं.

दुसऱ्या सैन्याच्या सह्या. ध्वज हाती आल्यावर कित्येक अमेरिकन शिपायांनी मोकळ्या जागेत आपली नावं लिहिली: बेटाचं नाव, तारीख, पलटणीतल्या सोबत्यांच्या सह्या. एकाच कापडावर दोन गट. एकानं पोराला निरोप दिलेला, दुसऱ्यानं त्याच पोराच्या अंगावरून ते कापड काढलेलं. शोध घेणाऱ्यांना हे दुसरं लिखाण सोन्यासारखं, कारण कुठे आणि कधी हे फक्त त्यातच असतं.

नकला. आघाडीवर आठवणीची वस्तू म्हणून ध्वजाला इतकी मागणी होती की पिछाडीच्या लोकांना विकण्यासाठी अमेरिकन सैनिकांनीच पॅराशूटचं रेशीम आणि लाल रंग वापरून ध्वज बनवले. त्यावरची ‘जपानी’ अक्षरं कोणत्याच भाषेतली नाहीत. ऐंशी वर्षांनी हे बनावट ध्वजही खरे जुने झालेत आणि त्यांचेही संग्राहक आहेत. अलीकडच्या नकला वेगळ्या. त्या ओळखायला अतिनील दिवा लावतात. नव्या धाग्यातली उजळवणारी रसायनं त्यात चमकून उठतात.

जाणकार. संग्राहकांना सरसकट गिधाडं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कोपरे, कापड, शिवण, घोषणा यांचा बारकाईनं अभ्यास आधी त्यांनीच केला. मायकेल बोर्टनर यांचं ध्वजांवर आणि हजार टाक्यांच्या पट्ट्यांवर २००८ साली आलेलं पुस्तक एका संग्राहकाचंच आहे. कुणी पैसे मोजले नसते तर वारसांनी यातले कितीतरी ध्वज जुन्या चादरींबरोबर फेकून दिले असते. संग्राहकांत एक जुना सल्ला चालतो: वस्तू विकत घ्या, तिची गोष्ट नको. कारण गोष्ट कुणीही रचतो. घरच्यांना नेमकी ती गोष्टच हवी असते.

वाचणारे. शिक्षण घेतलेल्या तरुण जपान्यालाही हे ध्वज सरळ वाचता येत नाहीत. अक्षरं युद्धापूर्वीच्या जुन्या वळणाची, त्यात घसटत लिहिलेली, त्यात पसरलेली शाई. नावाचं एक अक्षर चुकलं की शोध भलत्याच घराच्या दारात जातो. जुनं हस्तलिखित वाचणारी माणसं आहेत, पण म्हातारी.

गावं. एखाद्या सहीशेजारी गावाचं, शाळेचं किंवा गिरणीचं नाव सापडलं तर नशीब. पण ते गाव नकाशावर असेलच असं नाही. १९९९ मध्ये जपानात ३,२३२ नगरपालिका आणि ग्रामसंस्था होत्या. विलीनीकरणानंतर २०१० मध्ये १,७२७ उरल्या. त्याआधीही मोडतोड झालेलीच. आपल्याशी लागून असलेलं उदाहरण द्यायचं तर मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या टेकडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण आणि भारतीय पॅराशूट ब्रिगेड ज्यांच्यासमोर उभी ठाकली, ती जपानी ५८ वी रेजिमेंट निइगाता प्रांतातल्या ताकादा शहराची. ही लढाई ज्या मोहिमेतली, तीत सुमारे ३० हजार जपानी मेले, बरेच जण उपासमारीनं आणि रोगांनी. ताकादा हे शहर १९७१ मध्ये शेजारच्या नाओएत्सूत मिसळून जोएत्सू झालं. ध्वजावर ‘ताकादा’ वाचलं तरी आता चौकशी जोएत्सूच्या कचेरीत करावी लागते.

पांढरी पेटी. मेलेल्याच्या घरी सरकारतर्फे पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी यायची. आत कधी कागदाची चिठ्ठी, कधी वाळू, कधी खडे. परमुलखात मेलेल्या सुमारे २४ लाखांपैकी ११ लाखांहून जास्त जणांचे अवशेष आजतागायत परतलेले नाहीत. ध्वज परत येतो तेव्हा तो या पेटीच्या जागी येतो, म्हणून त्याचं स्वागत कुणी वस्तूसारखं करत नाही.

परतवणारे. अमेरिकेच्या ओरेगनमधल्या अस्टोरिया गावात रेक्स आणि केइको झियाक या दांपत्यानं २००९ मध्ये हे काम हाती घेतलं. त्यातून ओबोन सोसायटी उभी राहिली. केइको यांचे आजोबा ब्रह्मदेशात मेले. त्यांचा ध्वज कॅनडातल्या एका संग्राहकाकडून २००७ मध्ये घरी आला, तिथून ही सुरुवात. आजवर संस्थेनं शेकडो ध्वज पोचवलेत. २०१५ मध्ये, युद्ध संपल्याला सत्तर वर्षं झाली तेव्हा, सत्तर ध्वज एकदम नेले. २०२३ मध्ये टेक्सासमधल्या यूएसएस लेक्सिंग्टन या जहाज-संग्रहालयात १९९४ पासून टांगलेला ध्वज टोकियोत एका ८३ वर्षांच्या मुलाला मिळाला. बाप गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

सगळ्यात जास्त गाजली ती २०१७ ची भेट. मोंटानातला ९३ वर्षांचा माजी मरीन ध्वज घेऊन गिफू प्रांतातल्या हिगाशीशिराकावा या डोंगरातल्या गावी स्वतः गेला. सायपानला १९४४ मध्ये त्याला एक जपानी डाव्या कुशीवर, झोपल्यासारखा पडलेला दिसला होता आणि त्याच्या सदऱ्यातून ध्वजाचं टोक बाहेर आलेलं होतं. ध्वजावर सुमारे १८० सह्या. मेलेल्याच्या घरी तोवर काय होतं? पेटीत काही खडे, आणि मारियाना बेटांत कुठेतरी मेला एवढी बातमी. गावात ८९ वर्षांचा धाकटा भाऊ होता. ध्वजाला भावाचा वास येतो, असं तो पत्रकारांना म्हणाला. पण त्या दिवशी घरच्यांना ध्वजाहूनही मोलाचं एक मिळालं असावं: देह कुठे, कसा पडला होता आणि तो छिन्नविच्छिन्न नव्हता, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या तोंडून.

साक्षीदार. युद्धात वर्दी चढवलेले अमेरिकन एक कोटी साठ लाख होते. आज त्यांतले लाखभरही नाहीत. ध्वज आता मुलं, नातवंडं, घर रिकामं करणारे दलाल आणून देतात. “आजोबांचा होता” यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. कुठलं बेट, कोणता महिना, मढ्यावरून काढला की पत्त्यांच्या डावात जिंकला, कळायला मार्ग नसतो.

नकोसा. सगळ्यांनाच तो परत हवा असतो असंही नाही. ज्याला कधी पाहिलं नाही अशा चुलतआजोबाचं कापड घेऊन करायचं काय, असं म्हणणारे वारस आहेत. त्यांच्या घरात जागाही लहान. काही जण तो घेतात आणि देवळात किंवा स्थानिक संग्रहालयात देऊन मोकळे होतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. परत करणाऱ्यांतही मोठ्या मनाचे आहेत तसे नुसती अडगळ काढणारे आहेत.

हाताळणी. ज्यांच्याकडे असा ध्वज निघेल त्यांच्यासाठी. धुऊ नये, इस्त्री करू नये, चौकटीत डिंकानं चिकटवू नये. उन्हात टांगू नये. सपाट पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, कोपऱ्यांचे जवळून, शाई आरपार उमटलेली असेल तर उलट्या बाजूचेही. सोबत एक कागद ठेवावा: कुणी आणला, तो कोणत्या तुकडीत होता, कुठे उतरला होता, कधी परतला. आठवत असेल तेवढंच लिहावं. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहावं, कारण पुढचा वाचणारा तो खराच धरणार आहे.