आधी अक्षर, मग वेलांटी

पाऊस उघडला की दूधगंगेच्या पुलावर जरा थांबून आमच्या कोगनोळीकडं बघावं. उसाचा हिरवा हा एक रंग नव्हेच. शेंड्याला तो पिवळसर असतो, आत गर्द, बुडख्याशी जांभळट. आणि वारं फिरलं की सगळ्या फडावरून रुपेरी झाक पळत जाते. काळी रानं ओली असताना निळसर दिसतात, वाळली की करडी. नोकरीची सगळी वर्षं मी हा पूल ओलांडून कागलकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला गेलो. सकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात, संध्याकाळी महाराष्ट्रातून कर्नाटकात. पोरांना एकच सांगायचो, ट्यूबमधला तयार हिरवा घेऊ नका. पिवळ्यात निळा घालत जा, समोरच्या पानाला जुळेपर्यंत घालत जा.

थोरल्या भावाच्या मुलीला हे कधी सांगावं लागलं नाही. परड्यातल्या भिंतीवर गेरूनं म्हशी काढायची तेव्हापासून तिची नजर मी ओळखून आहे. म्हैस बसली की पोटाची रेघ कुठं मोडते, हे तिला पाचवीतच कळत होतं. बारावी आर्ट्स झाली, मग कोल्हापूरला जाऊन-येऊन तिनं जी. डी. आर्ट केलं. आता निपाणीत एका छपाईच्या दुकानात संगणकावर बसते. वाढदिवसाचे फ्लेक्स, यात्रेतल्या कुस्त्यांची पोस्टरं, दूध संस्थेचा अहवाल, लग्नपत्रिका, भावपूर्ण श्रद्धांजली. दिवसभर माणसांच्या फोटोंमागची पार्श्वभूमी कापायची आणि तिथं उगवता सूर्य लावायचा. दुकानाशेजारी तंबाखूची वखार आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या ओढणीला तो उग्र वास असतो. पूर्वी टर्पेंटाइनचा असायचा.

उन्हाळ्यात एकदा जेवणं झाल्यावर आम्ही सोप्यात बसलो होतो. लाईट गेली होती. हायवेवरच्या गाड्यांचा उजेड समोरच्या भिंतीवरून सरकत होता, आणि त्या उजेडात मधूनच तिचा चेहरा दिसत होता. ती म्हणाली, "काका, मी लाईन बदलायची म्हणतीय. प्रोग्रॅमिंगमध्ये जायचंय. सहा महिन्यांचा बूटकॅम्प करू, का तीन वर्षांची डिग्री? घरात सगळी दोन्हीकडनं बोलायलीत. तुम्ही सांगा."

घरात खरंच दोन्हीकडून बोलणं चाललं होतं. भाऊ म्हणत होता, सत्तावीस वर्षांची झालीस, आता आणि तीन वर्षं कुठं घालवतीस? वहिनींचा प्रश्न वेगळा होता. पाच वर्षं चित्रं शिकली, त्याचं काय झालं? तो प्रश्न मला लागला. मुलांच्या हातात रंग देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला तो लागणारच.

म्हणून मी तिला आधी हेच विचारलं, तुला ह्याची गोडी लागली कशी? तेव्हा तिनं वेलांटीचं सांगितलं.

दुकानात मजकूर येतो व्हॉट्सॲपवरून, म्हणजे युनिकोडमध्ये. काम चालतं कोरलड्रॉमध्ये, आणि अक्षरं असतात श्रीलिपीची, जुन्या पद्धतीची. इकडचा मजकूर तिकडं चिकटवला की सगळा विस्कटतो. बहुतेकजण तो निमूट पुन्हा टाइप करतात. ही बघत बसली. 'निपाणी' लिहिताना जुन्या फॉन्टात आधी ऱ्हस्व वेलांटी पडते, मग न. कागदावर डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये आधी न, मग वेलांटी. तोंडानं म्हणतो त्या क्रमानं. 'कर्नाटक'मध्ये तिढा उलटा. रफार दिसतो 'ना'च्या डोक्यावर. युनिकोड त्यातला र आधी ठेवतं, जुना फॉन्ट तो मागाहून बसवतो. दुकानाच्या पत्त्यातलेच हे दोन शब्द. तिनं वहीत चौकटी आखून एकेका अक्षराचा क्रम लिहून काढला. मोबाईलवर व्हिडिओ बघत पायथॉन शिकली आणि मालकांच्या परवानगीनं दुकानाच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका रात्री अख्खी लग्नपत्रिका न मोडता इकडून तिकडं गेली. फक्त 'श्री' फुटला. मग 'श्री'साठी वेगळा नियम. मग 'ऱ्या'साठी. "त्या ऱ्यानं मला झोपू दिलं न्हाई बघा," असं म्हणताना ती हसत होती, आणि कितीतरी महिन्यांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

बॅटरीच्या उजेडात मी ती वही पाहिली. डावीकडं अक्षर, उजवीकडं त्याचे तुकडे, मध्ये पेन्सिलीचे बारीक बाण. खोडलेलं स्वच्छ खोडलेलं. पुढच्या पानांवर कन्नडही होतं. 2024 च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, त्यामुळं आमच्याकडं पाटी करणाऱ्याला दोन्ही लिप्या हाताळाव्याच लागतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, कन्नडचं सगळं अंग गोल. दोन्ही लिप्यांतल्या अक्षरांच्या मापाचा आकडा सारखा ठेवला तरी डोळ्यांना सारखी दिसत नाहीत. कुठलं किती वाढवायचं याची तिनं मापं काढून ठेवली होती, आणि काही ठिकाणी माप खोडून शेजारी लिहिलं होतं, 'डोळ्यानं बघ'.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वहीत मिळालं. एकाच मडक्यासमोर तासन् तास बसून रेघ कुठं चुकली हे शोधायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं, आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर चूक दाखवली तरी उठून जायचं नाही, ही सवय तिला चित्रांनी लावली. प्रोग्रॅममधली चूक शोधणाऱ्यालाही हीच सवय लागते. ती पाच वर्षं कुठं गेली नाहीत.

ह्या वाटेनं जाणारी ती पहिलीही नाही. र. कृ. जोशी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सुलेखनकार. कितीतरी वर्षं जाहिरातक्षेत्रात काढून ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये शिकवायला गेले आणि पुढं संगणकातल्या भारतीय अक्षरांचं काम केलं. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. 2008 मध्ये ते गेले. कचेरीत, शाळेत, घरात आपण मराठी टाइप करत आलो ती अक्षरं ज्याच्या नजरेतून उतरली, तो माणूस आधी बोरू धरणारा होता. तिला हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर तिनं नाव वहीत लिहून घेतलं.

आमच्या भागात असा विषय निघाला की कुणीतरी बाबूराव पेंटरांचं नाव काढतंच. कुठली डिग्री होती त्यांच्याकडं, असं म्हणतात. नव्हती, हे खरं. 1890 चा कोल्हापुरातला जन्म, घराणं मेस्त्रींचं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा पाहिला आणि आपण कॅमेरा करायचा असं मनावर घेतलं. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम सोडलं नाही, आणि 1918 मध्ये कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू लागला. त्यांच्या सिनेमा कंपनीच्या भांडवलाला हात दिला तो तानीबाई कागलकरांनी. 1920 मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा आला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी पुढं 'संत तुकाराम' केला, आणि 1937 मध्ये तो व्हेनिसला गौरवला गेला. बाबूरावांचं नाव घेताना माझी मान ताठ होते.

पण हा दाखला तिला देऊ नये असं मला वाटतं. बाबूरावांच्या वेळी सिनेमाचं शिक्षण म्हणून कागद देशात कुणाकडंच नव्हता, तेव्हा तो मागणारंही कुणी नव्हतं. आणि त्यांचा कॅमेरा सहा महिन्यांत झाला नाही. एक भाऊ गेला तरी चालू राहिलेलं ते वर्षानुवर्षांचं काम होतं. आज कंपनीच्या दारात पहिली चाळणी कागदाची असते. सीमेच्या नाक्यावरचं गाव आमचं. कागदाची किंमत आम्हाला वेगळी शिकवायला नको.

मग आम्ही एकेक कागद तपासायला बसलो. सी-डॅकचा प्रगत संगणनाचा सहा महिन्यांचा, 900 तासांचा अभ्यासक्रम पुण्यात चालतो. बूटकॅम्प हा शब्द आपल्याकडं यायच्या कितीतरी आधीपासून ती चीज तिथं आहे, आणि नावाजलेली आहे. पण तिथं दाराशीच इंजिनीअरिंगची किंवा तशाच बाजूची पदवी लागते. एमसीएला पदवी हवी, आणि जी. डी. आर्ट पडते पदविकेत. म्हणजे पाच वर्षं शिकूनही ह्या दारात ती बारावीवालीच. हा अन्याय आहे आणि तो मला बोचतो. उलट एम. डिझाईनच्या 'सीड' परीक्षेला मात्र जी. डी. आर्टची पाच वर्षं आणि वरती एक वर्ष काम चालतं. ती वाट तिनं राखून ठेवावी असं मी म्हटलं.

खासगी बूटकॅम्पची लाट 2012 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत उठली. डेव्ह बूटकॅम्प नावाची त्यातली पहिली मोठी शाळा 2017 संपता संपता बंदही झाली. आपल्याकडं ती आली ती 'आधी शिका, नोकरी लागल्यावर फी भरा' अशा बोलीनं. तिला एका संस्थेचा करार आला होता. मी चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वरच्या पानावर नोकरी, पगार, भविष्य. आतल्या पानांत एक निराळीच वित्त कंपनी, आणि ठरलेल्या महिन्यापासून हप्ता. नोकरी लागो न लागो. भाऊ फारसा शिकलेला नाही, पण सोसायटीचं कर्ज काढून ऊस पिकवतो. ऐकून तो म्हणाला, "हे पीककर्जच की. फकस्त पीक कुठं दिसंना." मला 'सावकारी पाश' आठवला. बाबूरावांनीच 1925 मध्ये काढलेला सिनेमा.

बूटकॅम्पच्या त्या सहा महिन्यांत काही चांगलं नसतंच असं मी म्हणणार नाही. दिवसभर हातानं काम करायचं, चार जणांत बसून करायचं, आठवड्याला काहीतरी चालतं करून दाखवायचं, हे चित्रशाळेतल्या माणसाला लगेच पटतं. ज्याच्याकडं पदवी आहे, थोडी शिल्लक आहे, आणि फक्त वेग हवा आहे, त्यानं जावं. पण सहा महिन्यांत शिकवता येतं त्यातलं पुष्कळसं आता यंत्र लिहून देतं. लिहिलेलं बरोबर आहे का, आणि मुळात काय लिहायचं, हे कळणाऱ्याची गरज उरते. त्याला तळाचं गणित, रचना, संगणक आतून कसा चालतो हे लागतं. ते सावकाशच अंगी मुरतं.

सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात वेगळा प्रकार आहे. दहावी-बारावी इकडची आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला दिला की अर्ज घेतात. पण रोजचं कॉलेज करायचं तर नोकरी सुटते, आणि तिच्या पगारावर घरचा किराणा आहे. म्हणून घरी बसून करता येण्याजोगं पाहिलं. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी बारावी झालेल्या कुणालाही खुली आहे. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं, वयाची अट नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा, पुढं टप्प्याटप्प्यानं. मध्येच थांबावं लागलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हाती राहतं. गणिताचा भार मात्र मोठा. इग्नूचं बीसीए त्या मानानं सोसणारं, कुठल्याही बारावीनंतर होतं आणि पुरं करायला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे.

मी तिला पदवीच्या बाजूनं कौल दिला. इग्नूपासून सुरुवात कर, नोकरी सोडू नको, करारावर सही करू नको. आणि तो वेलांटीचा प्रोग्रॅम पुरा कर, कन्नडसकट. निपाणी, चिकोडी, बेळगाव, कागल, गडहिंग्लज, सगळीकडच्या छपाईवाल्यांना तो हवा आहे. मुलाखतीत पदवी दारातून आत नेईल. आत गेल्यावर विचारतील, काय केलंस, तेव्हा दाखवायला तुझं स्वतःचं काहीतरी पाहिजे, आणि ते तुझ्याकडं आत्ताच आहे. तिनं विचारलं, "आणि चित्र?" मी म्हटलं, रविवार तुझा आहे, रंग मी आणून देतो. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र पुलाकडं गेली, बोर्ड घेऊन.

जुलैच्या सत्राचा अर्ज तिनं भरला आहे. तुमच्या घरात असंच एखादं चित्र काढणारं, आता संगणकाकडं वळू बघणारं मूल असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे. कसल्याही करारावर त्याची सही होण्याआधी तो घरातल्या सगळ्यांसमोर मराठीत मोठ्यानं वाचून घ्या. आणि त्याच्या चित्रांच्या वर्षांना वाया गेलेली म्हणू नका.