गुलाबी थंडी

दरवर्षी डिसेंबर उजाडला, की मी आमच्या महाविद्यालयातल्या अकरावीच्या मुलांना एक निबंध घालतो : ‘हिवाळ्यातील एक पहाट’. विषय जुना आहे, हे मलाही कळतं. मी विद्यार्थी होतो तेव्हा आमच्या सरांनी हाच घातला होता. पण पुण्याच्या हवेत एकदा गारवा आला, की मराठीच्या मास्तरला दुसरं काही सुचत नाही. मुलंही ठरल्याप्रमाणे लिहितात. धुक्याची दुलई येते, दवाचे मोती येतात, वाफाळलेला चहा येतो, आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या परिच्छेदात ‘गुलाबी थंडी’ हटकून येते. मी लाल शाईनं ‘छान’ असं लिहितो आणि दहापैकी सात गुण देऊन मोकळा होतो.

काही वर्षांमागं एका मुलानं मात्र निराळंच लिहिलं. तो नाशिककडच्या एका खेड्यातून शिकायला आला होता. त्याच्या पहाटेत ना मोती होते, ना दुलई. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. म्हणून वडिलांबरोबर मध्यरात्री गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं. दारं धरताना पाय बधिर होतात. आणि पहाटे घरी आल्यावर आई दोघांचे पाय चुलीपुढं शेकते, एवढंच त्यानं पानभर लिहिलं होतं. मी खाली ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि चार गुण दिले.

ते चार गुण मला पुढं एका आठवड्यात चांगलेच महाग पडले. त्याचीच ही हकीकत.

माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिलेली आहे. निफाड म्हटलं, की शहाण्या माणसाला न्यायमूर्ती रानडे आठवावेत. १८४२ साली त्यांचा जन्म तिथं झाला. परंतु हिवाळ्यात वर्तमानपत्र उघडणाऱ्याला निफाड आठवतं ते निराळ्याच कारणानं. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी थंडीत ठरलेलीच. महाबळेश्वर उंच डोंगरावर, पण थंडीची पैज पुष्कळदा जिंकतं ते हे गोदाकाठचं सपाट गाव. आमच्या सौभाग्यवतींना ही बातमी फार आवडे. “एकदा आक्कांकडे ऐन थंडीत जाऊ या हो!” असं त्या बरीच वर्षं म्हणत होत्या. शेवटी एका नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी, सौ., आमची चिमी आणि लोकरीच्या कपड्यांची एक भलीमोठी बॅग.

शनिवारी संध्याकाळी पोहोचलो, तर थंडीचा पत्ता नाही! आभाळ मळभटलेलं, हवा कोंदट. चिमीनं कानटोपी काढून माझ्या हातात दिली आणि “बाबा, आपण चुकीच्या गावी उतरलो का?” असं विचारलं. आक्कानं काढून ठेवलेल्या गोधड्या रात्री उशाला घ्याव्या लागल्या. दाजी मात्र अंगणात उभे राहून सारखे वर पाहत होते.

“काय दाजी, थंडी कुठं गेली तुमची?” मी चेष्टेनं विचारलं.

“यील की मास्तर,” ते म्हणाले. “आभाळ हाये तवर न्हाई यायची. आभाळ गेलं, की मंग बघा.”

त्यांच्या या एका वाक्यात हवामानशास्त्राचं निम्मं पुस्तक होतं, हे मला मागाहून उमगलं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडून देते. वर ढग असले तर ती ऊब अडते, जमिनीकडे परतते. आभाळ मोकळं असलं तर सगळी निघून जाते. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच. आमच्या गोधड्या उशाला गेल्या होत्या त्या वरची ही गोधडी पसरली होती म्हणून!

रविवारी सकाळी थोडं भुरभुरलं. दाजींनी चहा अर्धा ठेवला आणि ट्रॅक्टरला फवारणीचं यंत्र जोडून ते बागेत गेले. ढगाळ हवेत द्राक्षावर भुरी येते, आणि पान ओलं राहिलं की डावणी. सारा दिवस ते यंत्र घरघरत होतं. दाजींची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि बांधापलीकडे एकरभर गहू. द्राक्षाच्या घडांत तेव्हा नुकतं ‘पाणी उतरायला’ लागलं होतं. म्हणजे घट्ट मणी मऊ व्हायला आणि गोडी धरायला लागले होते. काढणी जानेवारीच्या अखेरीला. पुढच्या आठवड्यात परदेशी माल पाठवणारा व्यापारी बाग पाहायला यायचा होता. भाचा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, त्याची फी त्या सौद्यातून भरायची, सोसायटीचं कर्जही त्यातूनच फेडायचं. हे मला आक्कानं भाकरी थापता थापता सांगितलं, दाजी नव्हेत.

सोमवारी दुपारी आक्काच्या चुलीचा धूर एकाएकी दुसरीकडे वळला. दोन दिवस तो उत्तरेकडे झुकत होता, आता दक्षिणेकडे लवू लागला. ओसरीवर बसलेल्या आजी, म्हणजे दाजींच्या मातोश्री, तेवढं पाहून म्हणाल्या, “वारं फिरलं गं बया.” तासा-दोन तासांत आभाळ धुतल्यासारखं निळंशार झालं. उन्हात उभं राहावं तर ऊन लागत होतं आणि सावलीत जावं तर अंगावर काटा येत होता.

इथं थोडं मास्तरकीचं बोलतो, वाचकांनी क्षमा करावी. थंडीची ही स्वारी फार लांबून येते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेली वादळी हवा इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्या वायव्येला येते. तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. तिच्या पुढं बाष्प आणि ढग असतात. पंजाबात त्याचा पाऊस होतो आणि हिमालयात बर्फ. ती पूर्वेकडे सरकली, की तिच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, गार हवा खाली घसरते आणि कधीकधी थेट दख्खनवर उतरते. गार आणि उबदार हवेच्या सीमेला हवामानशास्त्रात ‘आघाडी’ म्हणतात. हा शब्द रणांगणावरचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी तो उचलला, कारण दोन हवा समोरासमोर येतात त्या दोन सैन्यांसारख्याच. आपल्याकडे पोचेपर्यंत त्या आघाडीची धार राहत नाही, मागचा वारा तेवढा पोचतो. १७५८ साली मराठे अटकेपर्यंत गेले. त्या मुलखाकडून दर हिवाळ्यात अशी परतफेड होते, असं मी जेवताना म्हणालो. भाचा हसला, दाजींचं लक्ष नव्हतं.

मंगळवारी पहाटे शेडच्या खांबावरच्या तापमापकात पारा दहावर होता. हीच ती गुलाबी थंडी! सौभाग्यवतींनी शाल पांघरली, चिमीनं कानटोपी घातली आणि भाच्यानं आम्हाला नांदूरमध्यमेश्वरला नेलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधारा घातलेला आहे. तिथं साठलेल्या गाळानं आणि पाणवनस्पतींनी पाखरांसाठी नंदनवन तयार केलं आहे. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं ‘रामसर’ स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. पाण्यावर अजून वाफ तरंगत होती. भाच्यानं बोट दाखवलं तिकडे नारिंगी रंगाची पाखरांची एक जोडी ऐटीत बसली होती. “मामा, चक्रवाक!” मी चाटच पडलो. संस्कृत काव्यात विरहानं रडणारा चक्रवाक मी वीस वर्षं शिकवला, आणि प्रत्यक्ष पाहिला तो या दिवशी. रडत वगैरे मुळीच नव्हता. उन्हात पंख साफ करत होता. ही पाखरंही उत्तरेचीच. थंडीला कंटाळून इथं आलेली, आणि थंडी आपली त्यांच्या पाठोपाठ हजर!

परतलो तेव्हा सगळं घर बागेत होतं. दाजी, आक्का, दोन गडी, चार बाया, सगळे घडांना कागद गुंडाळत होते. मी विचारलं, “हे काय?”

“गुलाबी व्हत्यात मास्तर,” दाजी म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण शब्द तोच होता. मण्यात पाणी उतरत असताना रात्री फार गार आणि दिवसा ऊन पडलं, की हिरव्या द्राक्षाच्या सालीवर गुलाबी झाक येते. चवीत खाणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. पण परदेशी बाजाराला हिरवी म्हणजे हिरवीच द्राक्षं लागतात. गुलाबी मण्यांचा घड दिसला, की व्यापारी भाव पाडतो, नाहीतर तो घड बाजूला काढतो. म्हणून आधीच कागदात लपेटायचा.

वीस वर्षं ज्या शब्दाला मी सात गुण देत आलो, तो इथं रोगाचं नाव होता.

आम्हीही कामाला लागलो. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे हातात घ्यायचे, घडाभोवती गुंडाळायचे, वर टाचायचे. हवामानाच्या अंदाजाचं एक कात्रण माझ्या हाती आलं. मी ते त्यातल्या त्यात चांगल्या घडाला बांधलं. संध्याकाळपर्यंत मान मोडून आली, तरी निम्मी बागही झाली नव्हती.

बुधवारी पहाटे पारा सहावर. हवामान खात्याच्या हिशेबानं मैदानी मुलखात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं, म्हणजे थंडीची लाट आली असं म्हणायचं. या खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं होतं. पुढं ते दिल्लीला गेलं, पण पुण्यातल्या त्या इमारतीला आम्ही अजून शिमला ऑफिसच म्हणतो. मी आयुष्यभर तिच्यावरून ये-जा केली. आत कुणी माझ्या आक्काच्या बागेचा हिशेब मांडत असेल, हे कधी मनात आलं नाही.

त्या रात्री वीज एक वाजता येणार होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं. भाचा बागेत शेकोट्यांचं पाहत होता, म्हणून मी दाजींबरोबर निघालो. “तुम्ही कशाला मास्तर?” ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

चांदण्या इतक्या खाली आल्या होत्या, की अंधार टोचत होता. मोटर सुरू झाली. दाजी विजार गुडघ्यापर्यंत सारून पाण्यात उतरले आणि फावड्यानं दारं मोडू लागले. विहिरीचं पाणी आधी कोमट लागतं, मग वाफ्यात पसरता पसरता गार होत जातं. पहिली दहा मिनिटं पाय दुखले. पुढं दुखायचे थांबले. ते मात्र फार वाईट. आपले पाय आहेत की नाहीत, हे खाली पाहून ठरवावं लागतं. साऱ्या शिवारात दूरदूर विजेऱ्या लुकलुकत होत्या. त्या प्रत्येक विजेरीमागं एक माणूस असाच चिखलात उभा होता. त्यांत कुठं अकरावीचा एखादा मुलगाही असेल.

चार वाजता बागेच्या बांधांवर शेकोट्या पेटल्या. काटक्या आणि ओला पालापाचोळा धुमसत ठेवायचा, म्हणजे बागेवर धूर राहतो आणि गारठा थोडा मोडतो. ठिबकचं पाणीही सोडलं. जमीन ओली असली, की तेवढीच ऊब राहते. गुरुवारी उजाडताना पारा चारावर होता. गंजीच्या कडब्यावरचं दंव गोठून पांढरं झालं होतं. चिमी ते बोटानं खरवडून “बर्फ! बर्फ!” म्हणून नाचली. आक्कानं तिला जवळ घेतलं, पण तिची नजर बागेकडे होती.

आम्ही घरात आलो तेव्हा आजी चुलीपुढं बसल्या होत्या. काही न बोलता त्यांनी पाट पुढं सारला, माझे पाय धरून विस्तवाजवळ ओढले आणि तळहातानं चोळू लागल्या. मी संकोचून पाय मागं घेऊ लागलो, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे बाबा. तुला सवं न्हाई.” मग दाजींकडे वळून म्हणाल्या, “बाग ऱ्हाईली तं ऱ्हाईली. पर गव्हाला हे हीव लई मानवतं. फुटवं बघ कसं येत्याल.” दाजी पहिल्यांदाच हसले.

एकाच बांधाच्या अलीकडे नुकसान होतं आणि पलीकडे बरकत. थंडी तीच, रात्र तीच.

शुक्रवारी वारा पडला. पश्चिमेकडे पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग आले. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा पारा अकरावर गेला होता आणि कानटोपी पुन्हा माझ्या हातात आली होती. आक्का एस.टी.पर्यंत आली. “थंडी मिळाली ना वहिनी मनासारखी?” तिनं सौ.ना विचारलं. त्यात टोमणा नव्हता. आल्यागेल्याला गावचं जे काही मिळालं, त्याचा तिला आनंदच होता. सौ.ना मात्र उत्तर देता आलं नाही.

व्यापारी आला, त्यानं बाग पाहिली. कागद बांधलेला भाग ठरल्या भावानं गेला, उरलेल्यातला बराच माल भाव पाडून स्थानिक बाजारात द्यावा लागला. फी भरली गेली. कर्ज पुढच्या सालावर राहिलं. उन्हाळ्यात एक दिवस पोतंभर गहू आमच्या दाराशी आला. त्याच्या पोळ्या मऊसूत होतात. पहिल्या दिवशी ताटावर बसल्यावर आम्ही तिघंही थोडा वेळ बोललो नाही.

त्या मुलाची वही मी पुष्कळ शोधली. ती कधीच रद्दीत गेली होती. तो शिकून गेला; आज कुठं आहे, मला ठाऊक नाही. रद्दीच्या त्या कागदात एखादा द्राक्षाचा घड सुखरूप राहिला असेल, तर माझ्या लाल शाईपेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक झाला.

निबंध मी अजून घालतो. विषयही तोच आहे. फक्त फळ्यावर विषय लिहून झाला, की त्याखाली आणखी एक ओळ लिहितो : ‘आपापल्या गावची पहाट लिहावी.’