ढेलजेतला पाहुणा

मनुष्याचे मूल आपल्या आईला पुरते ओळखू लागण्यापूर्वीच त्याची एका अदृश्य पाहुणीशी ओळख झालेली असते, असे आमच्या मराठवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मानीत आल्या आहेत. पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून, त्याला हळदकुंकू वाहून, शेजारी कोरा कागद आणि टाक ठेवला जातो तो तिच्यासाठी. घरातली माणसे निजली म्हणजे सटवाई येते, लेकराच्या कपाळी त्याचे भागधेय लिहिते आणि आल्या पावली निघून जाते. पुढे झोपेतच बाळाच्या ओठांवर हसू उमटले, किंवा काही कारण नसता चेहरा रडवेला झाला, की उशाशी बसलेली म्हातारी शांतपणे म्हणते, "सटवाई हसवायलीय-रडवायलीय त्याला." त्या म्हणण्यात भयाचा लवलेश नसतो. मग तेच मूल तीन-चार वर्षांचे होऊन, बोबड्या पण निश्चयी वाणीने, "तिथं कुणीतरी बसलंय" असे म्हणाले, म्हणजे त्याच घरातल्या वडील माणसांच्या तोंडचे पाणी का पळावे, याचा विचार मी आयुष्यभर करीत आले आहे.

आमचा वाडा नळदुर्गचा. बोरी नदीच्या वळणात उभा असलेला किल्ला, त्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला आज लोक मोटारी करून येतात. आमच्या लहानपणी मात्र ते निजामाच्या राज्यातले, जुन्या वैभवाच्या आठवणींवर दिवस कंठणारे एक गाव होते. १९४८च्या उन्हाळ्यात सरहद्दीवरच्या अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्या घरातल्या बायकामुलांनीही सोलापूरची वाट धरली. आजोबा मात्र हलले नाहीत. तहसील कचेरीत पेशकारी करून निवृत्त झालेला तो मनुष्य, घरातले दप्तर आणि देवघरातले टाक कुणाच्या हवाली करावयाचे, या एकाच प्रश्नाला उत्तर न सापडल्यामुळे मागे राहिला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि पहिली झुंज नळदुर्गापाशीच झाली; परंतु आजोबांना ते पाहावयास मिळाले नाही, कारण त्याआधीच, श्रावणातल्या हिवतापाने, त्यांचे देहावसान झाले होते. आम्ही परत आलो तेव्हा वाडा जसाच्या तसा होता. माळवदावर गवत माजले होते, बळदातल्या ज्वारीला किडे लागले होते, एवढेच.

परतल्यानंतर थोड्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ दुपारच्या वेळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन ढेलजेत जाऊन बसू लागला. ढेलज म्हणजे दरवाजाच्या आतली, येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकण्याची जागा. आजोबा तेथेच बसून लोकांचे अर्ज लिहून देत. भाऊ त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचा. तो रिकाम्या बैठकीसमोर मांडी घालून बसे, तुकड्याचा अर्धा भाग मोडून पुढे ठेवी, आणि आपल्याशीच नव्हे, तर स्पष्टपणे दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असे. चुलतीने हे पाहिले आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारले, "कोण हाय रे? म्हातारं हाय का?" तो "हो" म्हणाला. "पाय उलटे हायत का?" तो "हो" म्हणाला. "बोलावतंय का तुला, चल म्हणतंय का?" त्यालाही तो "हो" म्हणाला. दिवाळी येईतो त्या पाहुण्याला उलटे पाय, पिंजारलेले केस आणि अंगणातल्या पिंपळावरचे बिऱ्हाड, असा सगळा सरंजाम प्राप्त झाला होता. मुंजा की खवीस एवढाच वाद शिल्लक होता. आणि पोर, जे पहिले काही दिवस तेथे निर्धास्त बसत होते, ते आता आईचा पदर सोडीना.

आजीने हे सर्व ऐकले, आणि एके दिवशी तिन्हीसांजेला ती भावाला घेऊन ढेलजेत बसली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या नाहीत आणि "तिथं कुणी नाही" असेही सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, "काय म्हनायलेत?" पोराने क्षणभर बैठकीकडे पाहिले आणि सांगितले, "कंदिलाची काच पुसली का म्हनायलेत." आजीने पदर डोळ्यांना लावला. आजोबांचा नित्याचा प्रश्न तोच असे. दिवेलागणीला काच लख्ख नसली तर ते बोलत. आणि सोलापुरात, परक्याच्या ओसरीवर, रात्रीमागून रात्री आजीने त्यांची आठवण काढली ती याच वाक्याने. भावाला आजोबांचा चेहरा आठवणे शक्य नव्हते. घरात सांडलेले शब्द वेचून त्याने एक माणूस उभा केला होता आणि त्याला त्याच्या हक्काच्या जागी बसविले होते. आजीने राखुंडीने काच घासली, कंदील ढेलजेतल्या खुंटीला टांगला, आणि पुढे रोज तेच करीत राहिली. पोर पुन्हा ढेलजेत खेळू लागले. पाहुण्याचे नाव पुढे कधीमधी निघे, मग निघेनासे झाले.

चुलतीच्या आणि आजीच्या प्रश्नांतला फरक मला त्या वयात कळला नव्हता. तो कळला शिक्षिका झाल्यावर, आणि शास्त्राचे पाठबळ मिळाले ते त्याहून कितीतरी उशिरा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात स्टीफन सेसी यांनी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. कधीही न घडलेली गोष्ट, उदाहरणार्थ उंदराच्या सापळ्यात बोट अडकून दवाखान्यात जावे लागणे, "तुझ्या बाबतीत घडली होती का, आठवून पाहा" असे त्या मुलांना आठवड्यामागून आठवडे विचारण्यात आले. अखेरीस अर्ध्याहून अधिक मुलांनी अशी एक तरी गोष्ट घडल्याचे, बारीकसारीक तपशिलांसह, सांगितले. ती मुले खोटे बोलत नव्हती. वडील माणसाच्या प्रश्नात दडलेले उत्तर लहान मूल प्रसादासारखे घेते आणि मग ते आपलेच मानते. न्यायाच्या कचेरीत आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न वकिलाला सहसा विचारू देत नाहीत. घरातल्या सर्वांत कोवळ्या साक्षीदाराला मात्र आपण तोच प्रश्न प्रथम विचारतो. ज्याला मूल केवळ "कुणीतरी" म्हणते, त्याचे भूत करतो ते आपण.

यातून घडणारे अनर्थही मी पाहिले आहेत. भानामतीचे पेव आमच्या भागात मधूनमधून फुटे. घरावर दगड पडत, कपडे पेटत, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठत, आणि मग कुणा विधवेवर किंवा भाऊबंदावर आळ येई. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणे शोधून काढताना एक पद्धत अवलंबिली: घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, दरडावल्याविना बोलावयाचे आणि उलगडलेले गुपित चव्हाट्यावर मांडावयाचे नाही. बहुधा त्या साऱ्याच्या मुळाशी घरातलेच, ज्याचे कुणी ऐकत नाही असे, एखादे दुःखी माणूस सापडे, पुष्कळदा पोरसवदा. या चळवळीचे अध्वर्यू डॉक्टर दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या मिषाने बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांबद्दलचे आहे, आणि ते पहिले असावे हे मला अत्यंत उचित वाटते.

परंतु ज्या प्रसंगाने या विषयाला माझ्या मनात कायमचे ठाण मांडू दिले, तो याहून निराळा. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जित करून लोक उशिरा निजले होते. चार वाजावयाच्या आत भूमी हादरली, आणि दगडमातीच्या ज्या रुंद भिंती आणि मातीच्या थराची जी जड माळवदे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा देत आली होती, तीच निजलेल्या माणसांवर कोसळली. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी, आमच्या जिल्ह्यात सास्तूर आणि आसपासची गावे. दोन्हीकडची मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला. निराधार झालेली बाराशे मुले भारतीय जैन संघटनेने पुण्यास नेली. पन्नालाल सुराणांनी अशाच मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. आणि कितीतरी मुले मावश्या-आत्यांच्या पदराआड, पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. अशाच एका शेडच्या वस्तीवर आम्ही काही शिक्षक शाळा भरवीत असू.

तेथे पाच-सहा वर्षांची एक मुलगी मावशीपाशी राहत होती. ती एके दिवशी पाटीवर गिरवता गिरवता, मान वर न करता म्हणाली, "बाई, माय येती रात्री. दाराशी उभी ऱ्हाती. आत येत न्हाई." मावशीने देवऋष्याकडून दोरा आणून बांधला होता. शहरातून आलेल्या एका सहृदय तरुणाने, सदिच्छेनेच, "हे भास आहेत, असं काही नसतं" असे तिला समजावले होते, आणि तेव्हापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. मला आजी आठवली. मी विचारले, "का गं येत नाही आत?" ती म्हणाली, "पत्रा वाजतो म्हून भ्याती." पावसाची सर आली की ते पत्रे ताडताड वाजत, आणि ढिगाऱ्यांतून वाचलेली सगळी वस्ती, मोठी माणसेसुद्धा, जागी होऊन बाहेर पळे. स्वतःची भीती सांगण्याची सोय त्या मुलीला नव्हती. तिने ती आईच्या नावे मांडली होती. आम्ही पत्र्याखाली पोती बांधून घेतली. आवाज थोडा कमी झाला.

पुढे तिने मला विचारलेला प्रश्न याहून कठीण होता. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेली असते: विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडविताना पोटचे मूल पायाखाली गेले, आणि ते पंढरीत पुन्हा रांगत आले. "काकाचं लेकरू माघारी आलं, माय का येईना?" या प्रश्नापुढे शास्त्र आणि श्रद्धा या दोहोंपैकी कशाच्याही आड लपणे मला शक्य नव्हते. मी तिला सांगितले की तुझी माय भिंतीखाली वारली, आता ती येणार नाही, आणि तू तिच्याशी बोललीस तर त्यात काही वाईट नाही. ती बराच वेळ रडली. भूकंपानंतर तिने प्रथमच रडून घेतले, असे मावशी म्हणाली.

दोन्ही जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसली. जुन्या गावातली बोळे, पार, वेशी यांच्या जागी सरळ रेषेत आखलेली, एकसारखी, क्रमांक घातलेली घरे आली. मोठी माणसेही पहिले काही दिवस दुसऱ्याच्या दारात शिरत. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मायला नवं घर घावंल का?" मी गेरू कालवला, आणि आम्ही दोघींनी क्रमांकाच्या शेजारी तिच्या आईचे नाव लिहिले. 'ला' तिचा उलटा आला होता. तो तसाच राहू दिला.

हे लाड झाले, यातून भ्रम पोसतो, असे एका सहकाऱ्याने मला त्या वेळी सांगितले. मला ते मान्य झाले नाही, आजही नाही. वेल्समधील डेवी रीस या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांची केलेली पाहणी १९७१ साली प्रसिद्ध झाली; तीत जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवल्याचे, काहींनी तर तो दिसल्याचे किंवा बोलल्याचे सांगितले. आणि बहुतेकांनी ते तोवर कुणापाशी बोलून दाखविले नव्हते. ज्या जिल्ह्यात साक्षात तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते, जेथे पितरांच्या नावाने वाढलेल्या पानाकडे जाणती माणसे कावळ्याची वाट पाहत उभी राहतात, तेथे एखाद्या पोराने न दिसणाऱ्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला, तर त्याने आपल्याच वडिलांची वहिवाट चालविली, एवढेच. मात्र मूल झोपेनासे झाले, जेवेनासे झाले, त्याला झटके येऊ लागले, ते डोळे थिजवून बसू लागले, किंवा तो आवाज त्याला स्वतःला वा दुसऱ्याला इजा करावयास सांगू लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला डॉक्टरकडे न्यावे. आणि एखाद्या खऱ्या, जिवंत माणसाच्या भीतीने तर ते "कुणीतरी येतं" असे म्हणत नाही ना, हे सर्वांआधी पाहावे. न दिसणाऱ्याच्या नावाखाली मुले कधीकधी दिसणाऱ्याचीच फिर्याद करीत असतात.

आता मी धाराशिवला, सुनेजवळ राहते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो, पंधरवड्याने येतो. मार्जोरी टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाप्रमाणे सातव्या वर्षापर्यंत दर तिघांतल्या जवळजवळ दोन मुलांनी असा एखादा काल्पनिक सोबती बाळगलेला असतो, हे मी सुनेला सांगितले होते; तरी गेल्या हिवाळ्यात नातू, "रात्री एक शिपाई येतो," असे म्हणू लागला, तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तो कसा दिसतो, हे तिने विचारू नये, एवढे मी तिला विनविले. मी नातवाला विचारले, "काय करतो रे तो?" तो म्हणाला, "कडी लावली का बघतो. मग परत येऊन बघतो. मग परत." सून माझ्याकडे पाहतच राहिली. नवरा गावी नसला की निजण्यापूर्वी दोन-दोन, तीन-तीनदा उठून दाराची कडी तीच तपासत असे, आणि मूल झोपले आहे असे समजत असे.

आम्ही दोघी त्या रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. तिला एकटीला किती भय वाटते, हे तिने मला त्याआधी कधी सांगितले नव्हते. मुलाला फोन करून, निजण्याच्या वेळी रोज बोलत जा, असे कळविले. मी माझे अंथरूण त्यांच्या खोलीत हलविले, आणि कडी लावण्याचे काम नातवाकडे दिले. स्टुलावर चढून तो ती खाडकन लावतो, आणि "झालं, आता जा," असे शिपायाला मोठ्याने सांगतो.