पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचं विमान



चातुर्मासात मी रात्री लवकर झोपते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मागच्या शनिवारी साडेबारापर्यंत जागी होते आणि जे करायला नको ते करून बसले. ते आधी सांगते, विचार मग करू.

माझा नातू, लेकीचा मुलगा, इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे नागपूरला राहतो. दर शनिवारी रात्री तो आणि त्याचे सात मित्र कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवतात. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, एक तर कॅनडात. सगळे मिळून त्यांची एक स्क्वॉड्रन. खेळाचं नाव डीसीएस. दोन वर्षं माझी कुरकुर चालली होती. पाणी गाळून पिणारं, मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारं आपलं घर, त्यात हे बॉम्ब आणि मिसाइल कशाला? शेवटी तो म्हणाला, "आजी, एकदा पूर्ण वेळ बसून बघ. मग काय बोलायचं ते बोल." म्हणणं रास्त होतं. व्हाउचर न बघता ऑडिट करू नये, एवढं तर बी.कॉम.ला मीही शिकले होते.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आम्ही दोघं जेवलो. साडेनऊला मी त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. मला वाटलं होतं, बटण दाबलं की धडाधड सुरू. तसं काहीच नाही. आधी पाऊण तास नुसती बैठक. नकाशा जॉर्जिया देशाचा, काळ्या समुद्राच्या काठचा. वारा कुठून, ढग किती उंचावर, कुणाकडे किती इंधन, पुढे कोण, मागे कोण. चौघं एका बाजूला, चौघं शत्रूच्या बाजूला. माझा नातू दोन नंबरचा वैमानिक. त्याचं काम एकच, पुढच्याची पाठ राखायची.

त्याचं विमान मिराज 2000 होतं. आपल्या वायुसेनेत हे विमान 1985 पासून आहे. ते चालू करायचं म्हणजे एकामागून एक बटणं, क्रमाने. एक जरी विसरलं तरी विमान जागचं हलत नाही. मला तर आपल्या अभिषेकाच्या तयारीची आठवण झाली. कोण आधी, कोण नंतर, काही चुकायचं नाही. प्रमादाला जागाच नाही. तीन तासांत प्रत्यक्ष लढाई जेमतेम आठ मिनिटांची. बाकी सगळं शांत उडणं, रांग सांभाळणं, उरलेलं इंधन सांगणं. परत फिरायला लागेल एवढंच इंधन उरलं की 'बिंगो' म्हणायचं, म्हणजे मागे वळा. मी म्हटलं, आपल्या गिरस्तीतही असा एक शब्द हवा होता.

मध्ये मला जुनी गोष्ट आठवली, ती मी त्याला सांगितली. आमचे वडील सांगायचे, 1949 साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघून ती रात्री आपल्या नागपूरला भेटायची, आपसात टपालाच्या थैल्या बदलायची आणि परत जायची. नातू म्हणाला, "आजी, हे मिशन मस्त आहे. आम्ही करून पाहू."

मग ती आठ मिनिटं आली. पुढच्याचं विमान पेटलं. पॅराशूट उघडलं. मी घाबरून विचारलं, "त्याला लागलं का रे?" नातू म्हणाला, "तो हैदराबादला चहा पितोय आजी." तेवढ्यात एक विमान माझ्या नातवाच्या मागे लागलं. पडद्यात घुंईं असा आवाज, हा डावीकडे वळतो, ते डावीकडे. हा खाली जातो, ते खाली. आकाश उलटंपालटं झालं. मग कसा कोण जाणे, नातू वळून त्याच्या मागे आला. आणि मी, दोन वेळा सामायिक करणारी बाई, खुर्चीतून अर्धी उठून ओरडले, "मार! मार त्याला!"

त्याच क्षणी नातवाने मित्रांशी बोलायचं बटण दाबलेलं होतं. मी ओरडलेलं आठही जणांनी ऐकलं. विमान पडलं. खेळ संपल्यावर सगळे चुका तपासायला बसतात, तेव्हा पुण्याचा मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही मलाच मारायला सांगत होतात ना?" सगळे खदाखदा हसले. मीही हसले. पण अंथरुणावर पडले आणि झोप येईना.

मैत्रिणींनो, यशोधर राजाची कथा तुम्ही ऐकली असेलच. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं, पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' लिहिलं, दोन्हींत तीच कथा. राजाला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला जीव बळी दे. राजाचं मन धजेना. मग तडजोड झाली, पिठाचा कोंबडा करून तोच कापला. कुणाचं रक्त सांडलं नाही. तरी पुढे माय-लेकरं मोर आणि कुत्रा होऊन जन्मली आणि कितीतरी जन्म पशुयोनीत फिरली. कारण कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता.

हिशोबाच्या भाषेत सांगू? घसाऱ्याची नोंद असते ना, तसंच हे. खिशातून एक पैसा जात नाही, पण खर्च तर होतच असतो आणि वहीत लिहावाच लागतो. भावहिंसेचंही तसंच.

सकाळी देवदर्शनाहून आल्यावर मी नातवाला ही कथा सांगितली. मला वाटलं, आता गप्प होईल. तो म्हणाला, "आजी, मला मारायचा भाव नव्हता. मी उंची, वेग आणि इंधन बघत होतो. तो माझा मित्र आहे. 'मार' तू म्हणालीस."

काय उत्तर द्यावं? आपल्याकडेच धीवर आणि शेतकऱ्याचा दृष्टांत आहे. धीवराच्या जाळ्यात दिवसभर एक मासा नाही आला तरी तो दोषी, कारण ध्यान मारण्यात. शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव जातात, पण त्याचं ध्यान धान्यात. त्या रात्री त्या खोलीत धीवर कोण होतं, ते मला कळलं.

पण मी त्याला अगदी सोडलंही नाही. शेतकऱ्याच्या नांगराने घर जेवतं, तुझ्या खेळाने कोण जेवतं? तो म्हणाला, खरे वैमानिक अशाच यंत्रावर आधी चुका करतात, म्हणून आकाशात वाचतात. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने 1929 मध्ये असं पहिलं यंत्र केलं. वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून केलं. पुढच्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. हे मला पटलं. देश राखणाऱ्याला आपल्या धर्माने कधी हीन मानलं नाही. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवणारे चामुंडराय गंगांचे सेनापतीच होते. विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रही जाणतं. पण तू सेनेत नाहीस बाळा, म्हटलं, तुझ्यासाठी हा करमणुकीचा भाग आहे. बिनकामाचं पाप म्हणजे अनर्थदंड. तेवढं तपासत राहा. तो "हो" म्हणाला. वाद घातला नाही.

बाहुबलींचंही आठवलं. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा मंत्र्यांनी सैन्याची लढाई टाळली आणि दोघा भावांतच तीन युद्धं ठरवली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. एक प्रकारे खेळच. तिन्हीत भरत हरले आणि रागाने चक्र सोडलं. रक्त न सांडताही मान आणि क्रोध तिथे हजर होते. बाहुबली मोठे ठरले ते जिंकून तिथेच थांबले म्हणून.

आता खरी गोष्ट. पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी'त अनर्थदंडाचा पहिला प्रकार सांगितलाय अपध्यान. दुसऱ्याची हार कशी होईल, आपली जीत कशी होईल, त्याचं नुकसान कसं होईल, हे मनात घोळवत बसणं. ते परत वाचलं आणि घाम फुटला. सासूबाईंच्या पाटल्यांवरून माझं आणि धाकट्या जाऊबाईंचं फाटलं, त्याला 11 वर्षं झाली. तेव्हापासून सामायिकाला बसले की डोळे मिटून मी तीच लढाई लढते. मी काय बोलले असते, त्या कशा निरुत्तर झाल्या असत्या, दीर कसे खाली बघत राहिले असते. रोज त्या हरतात, रोज मी जिंकते. माझ्या नातवाची लढाई आठवड्यातून एकदा, आठ मिनिटं. माझी रोज 48 मिनिटं, आणि तीही माळ हातात घेऊन.

नातवाने आपणहून सांगितलं, दशलक्षणाचे दहा दिवस लढाई नाही. आकाशात दुसऱ्या विमानातून इंधन घ्यायचा सराव तेवढा करेन, तो अजून जमत नाही. मी त्याला नियम दिला नव्हता.

मला माझा नियम दिसतोय. क्षमावाणीच्या दिवशी जाऊबाईंना फोन करायचा. पाटल्यांचा विषय काढायचा नाही, मी बरोबर होते हेही म्हणायचं नाही. त्यांचा नंबर नातवाकडून मोबाइलमध्ये भरून घेतला आहे. तो भरताना माझा हात थरथरत होता, हे तुमच्यापासून लपवत नाही.

जय जिनेंद्र.