काळजाचे आकडे

मराठी भाषेने यकृताच्या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. 'काळीज' ह्या शब्दाचा मूळ अर्थ यकृत. मटणाच्या दुकानात आपण काळीज मागितले की खाटीक नेमके तेच तोलून देतो. बोलताना मात्र आपले काळीज छातीत डाव्या बाजूला सरकते; ते धडधडते, तुटते, त्याचे पाणी पाणी होते. खरे यकृत उजव्या बरगड्यांखाली निमूटपणे आपले काम करीत राहते. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव पित्त तयार करतो, साखर साठवतो, रक्त गोठवणारी द्रव्ये बनवतो, औषधांचा व विषांचा निचरा करतो आणि पुष्कळ दिवस बिघडला तरी दुखत नाही.

गंमत अशी की, ज्या रक्ततपासणीमुळे आज यकृताची चर्चा घरोघरी होते, तिची सुरुवातही हृदयापासूनच झाली. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स रोब्लेव्स्की आणि आर्थर कारमेन ह्या संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तात एसजीओटी नावाचे एन्झाइम वाढलेले आढळले. पाठ्यपुस्तकांत एन्झाइमला 'विकर' म्हणतात. पुढे लवकरच कळले की यकृताला इजा झाली म्हणजेही हे विकर वाढते, आणि त्याचे भावंड एसजीपीटी तर प्रामुख्याने यकृतातूनच येते. नव्या कागदांवर हीच नावे एएसटी आणि एएलटी अशी छापलेली असतात. जुन्या नावांतील पहिला 'एस' म्हणजे सीरम. सेमिनरीत लॅटिन शिकताना हा शब्द आम्हाला फाटलेल्या दुधाची निवळ ह्या अर्थाने भेटला होता. रक्त साकळल्यावर वर उरणारी निवळ, ती प्रयोगशाळेत सीरम.

हा सारा शब्दप्रपंच करण्याचे कारण एवढेच की, धर्मगुरूकडे केवळ बाप्तिस्म्याचे दाखले मागायला लोक येत नाहीत. रक्ततपासणीचा कागद इंग्रजीत असतो, घरातील शिकलेली मुले कामावर गेलेली असतात, आणि मग म्हातारी माणसे तो कागद घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. "फादर, एवढं वाचून दाखवा." मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला प्रथम सांगतो. तरीही एवढ्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. साखरेचा आकडा वाढला की माणसाला भीती वाटते. यकृताचा आकडा वाढला की लाज वाटते. कारण आपल्या समाजाने त्या आकड्याचा अर्थ एकच ठरवून टाकला आहे: हा माणूस पितो.

हे आकडे मुळात काय सांगतात? यकृताची प्रत्येक पेशी हे एक भरलेले कोठार मानावे. विकरे त्या कोठारातील माल. भिंतीला तडा गेला की माल रस्त्यावर सांडतो, आणि रक्ताच्या तपासणीत आपण तो सांडलेला माल मोजतो. साधारणतः लिटरमागे चाळीस युनिटपर्यंतचा आकडा ठीक मानतात. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, आणि एसजीपीटीसाठी पुरुषांना तिशीच्या व स्त्रियांना विशीच्या आसपासचीच मर्यादा असावी असे अनेक तज्ज्ञ मानतात. परंतु माल सांडला एवढेच ह्यावरून कळते. भिंत कोणी फोडली, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

एका धर्मग्रामात असताना पन्नाशी उलटलेले एक बागायतदार माझ्याकडे आले. एसजीपीटी ११२, एसजीओटी ६८. गृहस्थ आयुष्यात दारूला शिवले नव्हते. पण कागद घरात फिरला, घरातून वाडीत गेला. मेहुणा हसून म्हणाला, "चोरून घेत असणार." मुलीचे लग्न ठरत होते, वरपक्षाकडील एका वडीलधाऱ्याने कार्यालयात येऊन मला हलक्या आवाजात विचारले, "फादर, माणूस पितो का?" ह्या साऱ्याचा परिणाम असा झाला की त्यांनी दवाखान्यात जाणेच सोडले. तिथेही पहिला प्रश्न दारूचाच असे, आणि 'नाही' ह्या उत्तरावर समोरचा चेहरा काय म्हणतो हे त्यांना वाचता येत होते.

वास्तविक त्या कागदानेच त्यांची बाजू मांडली होती. ती कोणी वाचली नव्हती. दारूमुळे यकृताला सूज येते तेव्हा बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असते, अनेकदा दुपटीहून अधिक. इथे उलट होते. दवाखान्यातील सिस्टरांनी समजूत काढून त्यांना पुन्हा पाठवले, तेव्हा सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. जोडीला अनेक वर्षांचा मधुमेह आणि पुढे आलेले पोट होते. भात, गोड चहा, तळलेले पदार्थ आणि बसून काम, एवढ्यानेही यकृत चरबीने भरते. ह्या विकाराचे प्रमाण इतके वाढले की २०२१ साली भारत सरकारने त्याचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, आणि २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्याच्या जुन्या नावातील दारूचा उल्लेख काढून चयापचयाशी जोडलेले नवे नाव दिले. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरले तर यकृत बरेच सावरते. आमचे बागायतदार वर्षभरात चौऱ्याऐंशी किलोंवरून सत्त्याहत्तरवर आले आणि एसजीपीटी ४१ वर. मुलीचे लग्नही झाले. त्या वडीलधाऱ्यांनी मात्र आपला प्रश्न मागे घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता एखादा वाचक म्हणेल, मग दोन आकड्यांचे प्रमाण पाहिले की झाले. तसेही नाही. एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. एसजीओटी १४०, एसजीपीटी ६५. म्हणजे प्रमाण हुबेहूब दारूचे. कागद देताना तिथला तरुण मिश्कीलपणे म्हणाला, "फादर, रोजचा द्राक्षारस!" मिस्सेतील द्राक्षारस घोटभर असतो, हे त्यालाही ठाऊक होते. डेंग्यूमध्ये ही विकरे वाढतात आणि त्यांत एसजीओटी पुढे असते, कारण ते स्नायूंतूनही येते. महिन्याभरात आकडे जागेवर आले आणि ती थट्टा हसण्यावारी गेली. ती हसण्यावारी गेली, कारण माझ्या अंगावर झगा होता. बागायतदाराच्या अंगावर तो नव्हता.

भिंत फोडणारे हात अनेक आहेत. दूषित पाण्यातून येणारी 'अ' आणि 'ई' ही कावीळ आकडा हजारांत नेऊ शकते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित झाले आणि सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. ती 'ई' विषाणूची साथ होती, हे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले. गरोदर स्त्रीला ही कावीळ जिवावर बेतू शकते. 'ब' आणि 'क' हे विषाणू रक्तावाटे येतात, 'ब' तर प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहतात. एका ताटात जेवल्याने ते पसरत नाहीत. 'ब'साठी लस आहे. तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो. 'क' बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ह्या दोन्हींच्या तपासणीची व औषधांची मोफत सोय आहे. ह्यांशिवाय पावसाळ्यातील लेप्टो, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेला हल्ला, शरीरात साठणारे तांबे किंवा लोह अशी कारणेही असतात. व्यायामशाळेत आदल्या दिवशी जड वजने उचललेल्या तरुणाचाही आकडा वाढतो.

आणि औषधे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. म्हणून उपचारांत भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. परंतु थोडा वाढलेला आकडा पाहून शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या बंद करणे हे त्याहून घातक. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत निर्धोक, मात्रेबाहेर विष. झाडपाल्याचेही तसेच. करोनाच्या काळात अनेकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. हा वाद तज्ज्ञांचा. आपण एवढे करावे की काढा घेत असू तर तो डॉक्टरांपासून लपवू नये.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिणारा एक भला माणूस दरवर्षी मला आपला कागद दाखवी. "हे बघा फादर, सगळं नॉर्मल!" तो कागद त्याला पापमुक्तीच्या दाखल्यासारखा वाटे. परंतु कोठारे एकेक करून ओसाड पडली की सांडायलाही माल उरत नाही. यकृत निबर होऊन आक्रसले, तरी ही विकरे चाळिशीच्या आत असू शकतात. त्याच्या कागदावर अल्ब्युमिन कमी झाले होते, प्लेटलेट्स उतरल्या होत्या. ते आकडे त्याने पाहिले नाहीत. रक्ताची उलटी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. यकृताला इजा होते आहे का, हे विकरे सांगतात. ते अजून किती काम करते, हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ सांगतात.

म्हणून वाढलेला आकडा हाती आला की काय करावे? घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. डॉक्टर बहुधा तपासणी पुन्हा करतात, 'ब' व 'क'ची चाचणी घेतात, सोनोग्राफी सांगतात. वय, दोन्ही विकरे आणि प्लेटलेट्स ह्यांच्या साध्या गणितावरून यकृत निबर झाल्याची शक्यताही अजमावतात. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठणे, काळी शौच, भ्रम होणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. आणि डॉक्टरांनी दारूचे विचारले तर जे असेल ते, जेवढे असेल तेवढे सांगावे.

हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे आहे. न पिणारा उत्तर देऊन थकतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही. पिणारा खरे सांगत नाही, कारण खरे सांगितल्यावर काय ऐकावे लागेल हे त्याला ठाऊक असते. दोघांचेही उपचार एकाच ठिकाणी अडतात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे म्हणून विचारले, तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आहे. प्रभूने त्या प्रश्नाची चौकटच नाकारली आणि त्या माणसाचे डोळे बरे केले. आपल्या घरात, वाडीत कोणाचा असा कागद आला, तर 'कशामुळे?' हे डॉक्टरांना शोधू द्यावे. आपण एवढेच विचारावे की पुढच्या तपासणीला सोबत कोण जाणार आहे.