आडनाव टाकलं आणि गाव निघालं

परभणीत कुठेही आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "गंगाखेडचे का तुम्ही?" मूळचे तिकडचेच, एवढं आम्ही सांगू शकतो. पण कोण निघालं, कधी निघालं, कशापायी निघालं, हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर ही रुखरुख फार वाढली आणि मी मोबाइलवर 'गंगाखेडकर' शोधायला लागलो.

सगळ्यात वर आले डॉ. रमण गंगाखेडकर. 2020 च्या टाळेबंदीत आयसीएमआरच्या वतीने कोरोनाची माहिती देताना सगळ्या देशाने त्यांना पाहिलं. त्याआधी त्यांनी एचआयव्हीवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. पद्मश्रीही त्याच साली जाहीर झाली. टीव्हीवर त्यांचं नाव झळकलं की आमच्या घरात सगळे हातातलं काम टाकून येत. त्यांचं आमचं नातं नाही, ओळख नाही, पण अभिमान मात्र घरच्यासारखा.

खाली खाली जात राहिलो तसे आणखी गंगाखेडकर भेटत गेले. कुणी नांदेडला, कुणी हैदराबादला, कुणी पुण्यात. कुणाचं सराफीचं दुकान, कुणी शिक्षक, कुणी वकील. काहींशी बोललो. जात निराळी, कुलदैवत निराळं. गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली की तिथले लोक जुन्या गावाच्या नावाने हाक मारतात, मग निघणारा कुणीही असो. जिंतूरकर, पाथरीकर, सेलूकर हे सगळे असेच झाले. खुद्द गंगाखेडात राहणाऱ्याला गंगाखेडकर कोण कशाला म्हणेल? आमच्या आडनावाने भावकी सांगितली नाही. आपण कुठून उठून आलो एवढंच सांगितलं.

मग 2023 साल आलं. मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातली जुनी दप्तरं तपासून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. आमच्या गावात पारावर मोबाइल घेऊन माणसं बसायची. पानांचे नुसते फोटो, मजकूर कुठे मोडी, कुठे उर्दू; त्यामुळे आडनाव टाकून काही हाती लागत नव्हतं. पान न् पान वाचावं लागे. मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी बोट ठेवून वाचत आणि आम्ही ऐकत असू. कडा झिजलेल्या एका पानावर माणसाचं नाव, पुढे 'वलद' (म्हणजे मुलगा), मग बापाचं नाव. त्या अख्ख्या पानावर आडनाव एकही नाही. आलेली माणसं आपापलं आडनाव घेऊन आली होती, आणि गुरुजी प्रत्येकाला एकच विचारत : "पणजोबाचं नाव काय? त्याच्या बापाचं?" बहुतेकांची गाडी तिथेच अडायची. ज्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस होतं, त्यांचं काम पुढे सरकायचं.

माझंही तसंच झालं. इंटरनेटवर मिळालं नाही ते आत्याने चुलीपुढे बसून सांगितलं. आजोबांचे वडील, त्यांचे वडील, दोघांच्या बायका, कुणाचं माहेर कुठलं, सगळं तिला तोंडपाठ होतं. मी वहीत उतरवून घेतलं.

आमच्या गंगाखेडची सर्वांत थोर लेक संत जनाबाई. तिला आडनाव नाही. आईबापांची नावं आणि गोदाकाठचं गाव, एवढ्यावर महाराष्ट्र तिला सातशे वर्षं ओळखतो.

तुम्हीही आपलं आडनाव जरूर शोधा. नवी माणसं भेटतील, कुणाचा अभिमान वाटेल, मूळ गाव कळेल. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ वही-पेन घेऊन बसा आणि पाच पिढ्यांची नावं लिहून घ्या, बायकांची नावं न वगळता. मोबाइल उद्याही हाताशी असेल. ते माणूस असेलच असं नाही.