आयसीयूनंतरचे वर्ष

फुप्फुसे निकामी होऊन व्हेंटिलेटरवर गेलेला रुग्ण घरी परततो, तेव्हा त्याच्या आजारपणाचा दुसरा भाग सुरू होतो. डॉक्टर ज्याला एआरडीएस म्हणतात, त्या तीव्र श्वसनविकाराचे वर्णन १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा रुग्णांवरून झाले. पुढे कित्येक वर्षे सारे लक्ष रुग्ण जगवण्यावर राहिले. जगलेल्यांचे काय होते, हे टोरांटोच्या मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली मांडले. आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत या रुग्णांचे वजन सरासरी १८ टक्के घटले होते. फुप्फुसांची क्षमता सहा महिन्यांत बरीचशी सुधारली, तरी वर्षाअखेर सुमारे निम्मेच कामावर परतले होते. बाकीच्यांना मुख्यतः स्नायूंची झीज आणि थकवा अडवत होता.

नगर–संभाजीनगर महामार्गावरच्या घोडेगावात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. नेवासे तालुक्यातले हे गाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथली मिळकत अंगमेहनतीची: कांद्याची गोणी उचलणे, धार काढणे, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणे. न्यूमोनिया, कोविड किंवा कीटकनाशकाची विषबाधा यांतून वाचलेल्या माणसाचे बरे होणे याच कामांवर मोजावे लागते.

पहिल्या आठवड्यांत गिळण्याकडे लक्ष हवे. घशात नळी राहिल्याने आवाज घोगरा होतो आणि पाण्यासारख्या पातळ पदार्थाचा ठसका लागतो. रुग्णाला ताठ बसवून छोटे घास द्यावेत. वारंवार ठसका लागत असेल, तर तोंडाने भरवणे चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर श्वासनलिका आक्रसत असण्याची शक्यता असते. अशा वेळी थांबू नये, रुग्णालय गाठावे.

त्यानंतरचे काम स्नायूंचे. असा रुग्ण पाहणारा फिजिओथेरपिस्ट आधी त्याला खुर्चीतून उठायला सांगतो. हाताचा आधार न घेता उठता आले नाही, तर मांड्या किती खंगल्या आहेत ते कळते. सुरुवात खाटेच्या कडेला बसण्यापासून होते. मग उठ-बस, ओट्यापर्यंत चालणे, पुढे गोठ्यापर्यंत. चालताना बोलता यावे, इतपतच दम लागू द्यावा. उकिडवे बसून उठणे सर्वांत उशिरा जमते, म्हणून काही दिवस कमोडची खुर्ची लागते. व्यायामाला आहाराची जोड हवीच. भाकरीबरोबर रोज डाळ, मटकी किंवा हुलगे, दूध आणि चालत असल्यास अंडी द्यावीत. नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत.

घरी ऑक्सिजन लागत असेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली पातळी वहीत लिहून ऑक्सिमीटरने तपासावी. वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ असावा. ऑक्सिजनजवळ चूल, उदबत्ती, विडी काहीही पेटवू नये. चुलीचा धूर, कडबा-कुट्टीची धूळ आणि फवारणी यांपासून रुग्णाला दूर ठेवावे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

मनाचे दुखणे सहसा कोणी सांगत नाही. आयसीयूत अनेकांना भ्रम होतो. भिंतीवर माणसे दिसतात, कोणी मारायला येते असे वाटते. घरी आल्यावरही स्वप्ने, दचकणे, विसराळूपणा राहतो. घरचे त्याला ‘बाहेरचे’ समजतात आणि उतारा काढण्यात महत्त्वाचे दिवस जातात. हा मेंदूवर आजाराचा, औषधांचा आणि जागरणाचा झालेला परिणाम आहे, हे डिस्चार्जच्या वेळीच सांगितले, तर रुग्णाची अर्धी भीती ओसरते. रात्रंदिवस बाकावर बसलेल्या बायकोला, मुलांनाही हे ओझे असते. म्हणूनच २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या साऱ्याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे नाव देताना कुटुंबीयांचा त्रासही त्यात धरला गेला.

शेवटचा प्रश्न पाठपुराव्याचा. दोन-तीन महिन्यांनी सविस्तर तपासणी व्हावी: सहा मिनिटांत किती चालता येते, फुप्फुसांची क्षमता, वजन, मनःस्थिती आणि चालू औषधांची छाननी. आयसीयूत सुरू केलेली झोपेची किंवा आम्लपित्ताची गोळी कारण संपल्यावरही वर्षभर चालू राहते, ती इथे थांबवता येते. विळद घाट आणि लोणी येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. पण दर आठवड्याला तिथे जायचे, तर गाडीभाडे पडते आणि सोबत जाणाऱ्याची रोजंदारी बुडते. म्हणून व्यायाम घरच्या माणसाला शिकवून, गावातल्या आशाताईला दाखवून पाठवणे हाच टिकणारा मार्ग आहे.

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली चार ओळी हव्यातच: रोजचा व्यायाम, आहार, धोक्याची लक्षणे आणि पुढच्या तपासणीची तारीख. त्या लिहिलेल्या नसतील, तर रुग्णालय सोडण्याआधी नातेवाइकांनी त्या मागून लिहून घ्याव्यात.